जुन्या राजपुत्राचा नवा अवतार

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा संगणकावरील साहसी खेळ जॉर्डन मेकनर ह्यांनी १९८९ साली रचिला. धाकट्या भावास धावावयास व उड्या मारावयास लावून त्यांनी त्याची चित्रफीत घेतली आणि तीवरून राजपुत्राची हालचाल रेखाटली! ह्याच मालिकेतील २००३ सालच्या ‘सँड्स ऑफ टाइम’ला नवे रूप देण्याचे काम युबिसॉफ्ट कंपनीने आपल्या पुणे व मुंबई येथील शाखांकडे दिले. २०२० साली पहिली झलक दिसताच चित्रांवर जगभर टीका झाली. २०२२ साली काम माँट्रियलला गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये ते सोडूनच देण्यात आले.

“आपल्या लोकांस हे जमावयाचे नाही,” असे उद्गार आम्ही बोनकोड्यातही ऐकिले. ते आम्हांस मान्य नाहीत. चित्रे कच्ची होती, हे खरे. परंतु २००३ चा मूळ खेळ जेथे घडला त्या माँट्रियलासही हे काम तडीस नेता आले नाही. शिवाय पुण्याच्याच नॉडिंग हेड्स मंडळीने ‘राजी’ हा स्वतंत्र साहसी खेळ त्याच २०२० साली पुरा केला.

मुलगा खेळतो म्हणून रागावणाऱ्या पालकांनी त्यास एकदा विचारावे, हा राजपुत्र भिंतीवरून धावतो तो कसा? उत्तर न आल्यास दोघांनी मिळून ती धाव कागदावर पावलापावलाने काढून पाहावी.