फिल्डवर्कचा खर्च कोणाच्या खिशातून?

बारावी झालेल्या मुलीने ‘बीएसडब्ल्यू करते’ म्हटले की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: समाजसेवा करायला डिग्री कशाला हवी? महाराष्ट्रात हा प्रश्न साहजिकच आहे. गाडगेबाबा कुठल्या कॉलेजात गेले होते? शिवाय चौकाचौकातल्या फ्लेक्सवर हात जोडून उभे असलेले ‘युवा समाजसेवक’ पाहिले, तर या क्षेत्रात शिक्षणाचीच काय, कामाचीही अट नसावी असे वाटते.

या प्रश्नाचे उत्तर मुंबईने फार पूर्वी दिले आहे. नागपाड्याच्या कामगार वस्तीत सेवाकेंद्र चालवणारे क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची पदव्युत्तर शाळा सुरू झाली. आजची टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे ‘टिस’, ती हीच. पुढे १९५५ मध्ये मुंबईत निर्मला निकेतन आले, १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आली आणि विदर्भात तर समाजकार्य महाविद्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत पसरली.

पदवीचा खरा वर्ग मात्र कॉलेजच्या इमारतीबाहेर भरतो. बहुतेक ठिकाणी आठवड्याचे दोन दिवस क्षेत्रकार्याचे, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘फिल्डवर्क’चे असतात. वस्ती, शाळा, निरीक्षणगृह किंवा सरकारी रुग्णालयातला समाजसेवा अधीक्षकांचा कक्ष. तिथे समजा डायलिसिसवरच्या रुग्णाची बायको येते. रेशनकार्डावर नवऱ्याचे नाव एक, आधारवर दुसरेच; योजनेची खिडकी कागद परत करते. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी तिच्याबरोबर तीन खिडक्या फिरते. फिरता फिरता कळते की नवऱ्याची नोकरी सुटली आहे आणि धाकट्याची शाळाही बंद झाली आहे. रात्री अहवालात ती लिहिते, ‘रुग्णाच्या पत्नीचे समुपदेशन केले.’ पुढच्या ‘आयसी’त, म्हणजे शिक्षकांबरोबरच्या एकास एक बैठकीत, त्या वाक्याखाली लाल रेघ असते. समुपदेशन म्हणजे नेमके काय बोललीस? ती गप्प झाली तेव्हा तू काय केलेस? धाकट्याच्या शाळेचे पुढे काय?

हा शाळामास्तरी काटेकोरपणा वाटेल, पण त्याच्यावर माणसांची आयुष्ये टांगलेली असतात. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाचा सामाजिक तपासणी अहवाल परिविक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत द्यायचा असतो आणि बाल न्याय मंडळ त्याच्या आधारे निर्णय घेते. बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातले अत्याचार २०१८ मध्ये बाहेर आले ते टिसच्या ‘कोशिश’ या प्रकल्पाने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणामुळे. सरकारी तपासण्या त्याआधीही होत होत्याच. आपल्याकडे पाहायचे तर १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या छत्राखाली सुरू झालेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष, किंवा १९९६ मध्ये जेरू बिलिमोरिया यांनी टिसमधून उभी केलेली १०९८ ही चाइल्डलाइन. ही कामे केवळ कळवळ्यातून उभी राहिली नाहीत. पोलीस ठाण्यात बसून बाईचे ऐकून कसे घ्यायचे, हे कोणीतरी शिकवलेले आणि कोणीतरी शिकलेले होते.

पण या शिक्षणाचा सर्वांत मौल्यवान भाग, म्हणजे फिल्डवर्क, आपण विद्यार्थ्याच्या खिशावर सोडला आहे. एमबीबीएसच्या इंटर्नला विद्यावेतन मिळते, कारखान्यातल्या शिकाऊ उमेदवारालाही मिळते. २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १० हजार रुपये ठरले, पण शिक्षण चालू असलेल्यांना ती योजना बंद. फिल्डवर्कला जाणारा मुलगा या कुठल्याच रकान्यात बसत नाही. शेतमजुराच्या घरातली पोरे या अभ्यासक्रमाला मोठ्या संख्येने येतात. तिकिटाचे पैसे नसले की फिल्डवर्क चुकते, चुकले की अहवाल मनाने लिहिला जातो आणि मनाने लिहिलेला अहवाल तपासणाऱ्यालाही कळतोच. त्याच्याकडे इतके विद्यार्थी असतात की तोही सोडून देतो.

दोष फक्त पैशाचा नाही, हेही खरे. काही संस्थांना विद्यार्थी म्हणजे फुकटचे हात वाटतात. त्यांना झेरॉक्स काढायला, सतरंज्या घालायला आणि प्रमुख पाहुण्यांच्या स्वागताला उभे केले जाते. संध्याकाळी हजेरीवर सही मिळते. संस्थेतल्या मार्गदर्शकाला या कामाचे मानधन नसेल आणि कॉलेजचे शिक्षक सत्रात एखादी भेट देणार असतील, तर दुसरे काय होणार? त्या मार्गदर्शकाला मानधन द्यावे, त्या बदल्यात त्याने शिकवले का याची विचारणाही व्हावी. वकिलांची जशी बार कौन्सिल, तशी समाजकार्याची वैधानिक राष्ट्रीय परिषद देशात अजून नाही. त्यामुळे ही विचारणा निदान विद्यापीठांनी तरी करायला हवी.

राज्यातली अनुदानित समाजकार्य महाविद्यालये सामाजिक न्याय विभागाच्या अखत्यारीत आहेत. म्हणजे दार कुठले ठोठावायचे, हा प्रश्न नाही. विद्यावेतनाला वित्त विभाग हरकत घेईल, बैठका होतील. तोवर एसटीपासून सुरुवात करता येईल. विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास घर ते कॉलेज असा मिळतो; फिल्डवर्कचे गाव बहुतेकदा त्या मार्गावर नसते. मुलींना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, मुलगे पूर्ण भाडे भरतात. प्राचार्यांच्या पत्रावर तोच पास आठवड्यातले दोन दिवस फिल्डवर्कच्या गावापर्यंत चालू करण्यासाठी नवी योजना, नवे नाव किंवा नवा फ्लेक्स यातले काहीच लागत नाही.