डोळा देहावेगळा नाही

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत नेत्रशिबिर ही आता परिचयाची गोष्ट झाली आहे. एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस येतो, मंडप उभा राहतो, किती जणांना तपासले आणि किती चष्मे वाटले याचे आकडे जाहीर होतात. अशा शिबिरांनी असंख्य वृद्धांना मोतीबिंदूच्या अंधारातून बाहेर काढले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु मंडप उतरल्यावर उरलेले वर्षभर त्या डोळ्यांचे काय होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्याचा मुख्य भर मोतीबिंदूवर राहिला आणि ते योग्यच होते. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीतही पन्नाशी गाठलेल्या लोकांमधील अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळेच आल्याचे आढळले. मात्र या यशातून एक गैरसमज रुजला. डोळा हा जणू देहापासून सुटा असलेला अवयव आहे, तो बिघडला की शस्त्रक्रिया करावी आणि विसरून जावे, असे मानले जाऊ लागले. वस्तुस्थिती तशी नाही. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागल्या असतील, तर मोतीबिंदू काढूनही दृष्टी पुरती परत येत नाही. रक्तदाबाने त्याच रक्तवाहिन्या आकसतात. तंबाखूचा धूर मोतीबिंदूला लवकर बोलावून आणतो. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी बालकाला प्रथम रातांधळेपणा येतो आणि उपचार न झाल्यास बुबुळच नष्ट होते.

या दोन जिल्ह्यांत देहाच्या दोन्ही प्रकारच्या हालअपेष्टा शेजारी शेजारी नांदतात. माण, खटाव, जत, आटपाडी ही दुष्काळाशी झुंजत आलेली भूमी. येथे कुपोषणाचा आणि रक्तक्षयाचा प्रश्न जुना आहे. कृष्णाकाठी ऊस आला, पैसा आला, कष्टाचे स्वरूप पालटले, आणि मधुमेह शहराची वेस ओलांडून गावात शिरला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. या रोगाचा डोळ्यावरील घाव आरंभी दुखत नाही, दिसण्यातही फरक पडत नाही. रोग्याला अंधुक दिसू लागते तेव्हा बरीच हानी होऊन गेलेली असते. काचबिंदूचेही तसेच. त्यात गेलेली दृष्टी परत येत नाही, केवळ उरलेली राखता येते. म्हणूनच ‘मला नीट दिसते, मग तपासणी कशाला?’ हा युक्तिवाद घातक आहे.

श्रमिकाच्या दृष्टीने तर हा रोजीरोटीचा प्रश्न आहे. विट्याच्या यंत्रमागावर तुटलेला धागा शोधणारा कामगार किंवा तासगावच्या बागेत द्राक्षघडांची विरळणी करणारी मजूर स्त्री जवळच्या नजरेवर जगते. चाळिशीनंतर ती नजर प्रत्येकाचीच मंदावते. आसामातील चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना साधे जवळचे चष्मे दिले, तेव्हा त्यांची पानखुडणी चष्मा नसलेल्यांहून सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. मजुराच्या ‘मंदपणा’वर बोट ठेवणाऱ्या मालकांनी याचा विचार करावा.

तेव्हा मागणी स्पष्ट असली पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब तपासला जातो, त्याच कागदावर डोळ्याच्या पडद्याच्या तपासणीची नोंद झाली पाहिजे. प्रत्येक मधुमेही व्यक्तीचा पडदा वर्षातून एकदा पाहिला गेला पाहिजे. पडद्याचे छायाचित्र प्रशिक्षित परिचारिकाही घेऊ शकते आणि ते दूरच्या नेत्रतज्ज्ञाला पाठवता येते. प्रत्येक तालुक्यात तज्ज्ञ नाही, ही सबब आता चालणारी नाही. सहकारी साखर कारखान्यांनी गळीत हंगामात ऊसतोड कामगारांच्या तळावर ही तपासणी न्यावी. यंत्रमागधारक आणि बागाईतदार यांनी जवळच्या चष्म्याचा खर्च उपकार म्हणून नव्हे, तर कामाच्या अवजाराचा खर्च म्हणून उचलावा.

कार्यकर्त्यांनाही येथे काम आहे. आपल्या वस्तीत मधुमेह असलेल्या किती जणांचा पडदा गेल्या वर्षभरात तपासला गेला, याची यादी करण्यास निधी लागत नाही, दारोदार जाण्याची तयारी लागते. अशी यादी हाती घेऊन गेलेल्या शिष्टमंडळाला आरोग्य अधिकाऱ्याला मोघम आश्वासन देऊन परत पाठवता येत नाही. शिबिराचा मंडप वर्षातून एक दिवस उभा राहतो. आरोग्य केंद्राचे दार वर्षभर उघडे असते, आणि डोळ्यांचा हक्क तेथे मागायचा आहे.