स्क्रीनशॉट नको, लॉग पाठवा

सपोर्टचं काम केलेल्या कुणालाही विचारा, सगळ्यात वैताग आणणारी मेल कोणती. "ॲप्लिकेशन चालत नाहीये, स्क्रीनशॉट जोडलाय." अरे बाबा, त्यावरून मला एवढंच कळतं की तू वैतागलायस. लॉग पाठव ना!

गेल्या शनिवारी हबलने टिपलेला आर्प २२० चा फोटो डेस्कटॉपवर लावताना हीच मेल आठवली. आर्प २२० म्हणजे एकमेकींत मिसळत चाललेल्या दोन दीर्घिका, आपल्यापासून सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवर. फोटो झकास आहे, वादच नाही. पण खरी धमाल जिथे चालू आहे, तिथे फोटोत दिसते नुसती काळपट धूळ.

अशा टकरीत तारे एकमेकांवर आपटत नाहीत, त्यांच्यात अंतरच तेवढं असतं. आपटतो तो वायू. तो मध्याकडे कोसळतो, दाबला जातो आणि ताऱ्यांचा कारखानाच सुरू होतो. आपल्या आकाशगंगेत वर्षाला एकदोन सूर्यांइतक्या वायूचे तारे बनतात. आर्प २२० मध्ये शंभराहून जास्त! त्यांचा प्रकाश धूळ गिळते, तापते आणि अवरक्त किरणांत ओकून टाकते. हे किरण हायड्रॉक्सिलच्या रेणूंमध्ये ऊर्जा भरून ठेवतात. मग मागून आलेली १८ सेंटीमीटरची रेडिओलहर त्यांच्यातून जाताना चांगलीच जोरदार होऊन बाहेर पडते. हा मेझर, लेझरचा थोरला भाऊ. आणि रेडिओलहरींना धूळ आडवी येत नाही.

१९८२ मध्ये आरेसिबोच्या दुर्बिणीने (२०२० मध्ये कोसळली बिचारी) तो पकडला. आकाशगंगेतल्या मेझरांपेक्षा लाखो पटींनी तेजस्वी, म्हणून मेगामेझर. २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅटने तर ५ अब्ज प्रकाशवर्षांवरचा मेगामेझर एका रात्रीच्या निरीक्षणात शोधला.

हाती काय येतं? आलेखावरचा एक उंचवटा. पण त्याच्या रुंदीवरून तिथला वायू किती वेगाने धावतोय ते कळतं. हा आपला लॉग! आणि आपल्या पेपरांच्या विज्ञान पुरवण्या मात्र दरवेळी रंगीत फोटोच छापणार. आलेख वाचकांना कळत नाही म्हणे. शेअरबाजाराचे बरे कळतात रोज?

असो. वॉलपेपर मी बदललेला नाही. शेजारी तो आलेखही चिकटवलाय. रूममेट विचारतो, "हा ईसीजी कुणाचा रे?"