वीस वर्षांच्या मुलाला घाई कसली?

माइक टायसनने मुष्टियुद्धाचं एक मोठं नुकसान करून ठेवलं आहे आणि त्याबद्दल त्याला कुणीच बोल लावत नाही. २२ नोव्हेंबर १९८६ रोजी लास व्हेगासमध्ये त्याने ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत लोळवलं, तेव्हा त्याला वीस वर्षं आणि पाच महिनेही पुरते झाले नव्हते. हेवीवेट गटात इतक्या लहान वयात जगज्जेता कुणी झाला नव्हता आणि त्यानंतरही झालेला नाही. पण तेव्हापासून कुठे एखादा धिप्पाड, हाताचा चपळ मुलगा दिसला की आधी त्याची जन्मतारीख विचारली जाते. टायसनच्या आधी होईल का, एवढाच हिशेब.

या हिशेबात अलीकडे सापडलेला मुलगा म्हणजे मोझेस इटाउमा. जन्म स्लोव्हाकियातला, वडील नायजेरियन, आई स्लोव्हाक, आणि वाढला इंग्लंडमधल्या केंटमध्ये. २०२२ मध्ये युवा गटात जगज्जेता झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये, अठराव्या वर्षी, व्यावसायिक झाला. टायसनचा विक्रम मोडायचा तर मे २०२५ पर्यंत किताब हवा होता आणि सुरुवातीला तशी भाषाही होती. तो महिना आला आणि गेला. मला विचाराल तर त्या मुलाच्या आयुष्यातली ती फार चांगली गोष्ट झाली. पण पुढे ऑगस्टमध्ये रियाधला त्याने डिलियन व्हाइटला दोन मिनिटांच्या आत झोपवलं. व्हाइट म्हणजे २०२२ मध्ये टायसन फ्युरीशी जगज्जेतेपदासाठी लढलेला गडी. झालं! ‘आता थेट किताबाचीच लढत द्या’ अशी हाकाटी सुरू झाली.

तेरा लढती, तेरा विजय. पण या तेरांपैकी एकही लढत सहा फेऱ्यांच्या पुढे गेलेली नव्हती आणि जगज्जेतेपदाची लढत बारा फेऱ्यांची असते. नवव्या फेरीत पाय जड झाले, श्वास पुरेना आणि समोरचा अजून उभाच आहे, असं झालं की आपण काय करतो, हे त्या मुलाला ठाऊक नव्हतं. सरावात ते थोडंफार कळतं, पण सराव तो सराव.

लोक टायसनचं वय लक्षात ठेवतात, त्याची शाळा विसरतात. कस डी’अमाटो या म्हाताऱ्या प्रशिक्षकाने त्याला तेराव्या-चौदाव्या वर्षापासून कॅट्सकिलमध्ये घडवलं. मार्च १९८५ मध्ये तो व्यावसायिक झाला आणि त्या एका वर्षात पंधरा वेळा रिंगमध्ये उतरला. डी’अमाटो त्याच नोव्हेंबरमध्ये वारला, पण शाळा चालू राहिली. बर्बिकपुढे उभं राहण्याआधी टायसनच्या सत्तावीस लढती झाल्या होत्या. त्यातली माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची लढत कुणाच्या फारशी ध्यानात नसते. मे १९८६ मध्ये जेम्स टिलिस या अनुभवी मुष्टियोद्ध्याने त्याला पूर्ण दहा फेऱ्या झुंजवलं. टायसन गुणांवर जिंकला, नॉकआउट नाही. सतराच दिवसांनी मिच ग्रीननेही त्याला दहा फेऱ्या उभं ठेवलं. प्रेक्षकांना वाटलं, पोरगा फिका पडला. वास्तविक त्या वीस फेऱ्यांत तो जे शिकला, ते आधीच्या झटपट नॉकआउटनी त्याला शिकवलं नसतं. तेव्हा टायसनचा वेग घ्यायचा असेल, तर त्याची ती पंधरा लढतींची वर्षंही घ्या. आजचे होतकरू हेवीवेट वर्षाला जेमतेम चार-पाच लढती खेळतात आणि वय मात्र टायसनचं हवं!

उलट टोकही आहेच. जेरी कूनी नावाचा न्यूयॉर्कचा उंचापुरा मुलगा, डाव्या हातात वीज. त्याच्या मॅनेजरांनी त्याला जपलं, पण काचेच्या कपाटात जपावं तसं. १९८० आणि १९८१ या दोन वर्षांत त्याच्या तीनच लढती झाल्या, तिन्ही उतरणीला लागलेल्या नामवंतांशी, आणि तिन्ही मिळून सहा फेऱ्यांच्या आत आटोपल्या. केन नॉर्टनला तर त्याने ५४ सेकंदांत गारद केलं. त्यानंतर तेरा महिने काहीच नाही. मग जून १९८२ मध्ये एकदम लॅरी होम्स, म्हणजे त्या काळातला सर्वोत्तम हेवीवेट. कूनी शौर्याने लढला आणि तेराव्या फेरीत संपला. त्यानंतर तो पूर्वीचा कूनी राहिला नाही. त्याला हळूहळू आणलं होतं हे खरं, पण हळूहळू शिकवलं नव्हतं.

आपल्याकडचा जुना वस्ताद हे बरोबर ओळखायचा. पठ्ठ्याला जोड कुणाची द्यायची, ही त्याची खरी विद्या. फार हलकी जोड दिली तर पोरगं फुगतं, फार भारी दिली तर मोडतं.

आणि इथे मोडणं म्हणजे खरोखरच मोडणं. लहान मुलीला गाण्याच्या स्पर्धेत वेळेआधी उभं केलं तर फार तर सूर जातो, थोडा आत्मविश्वास जातो. हेवीवेटमध्ये शंभर किलोंच्या माणसाचा ठोसा डोक्यावर बसतो. इंग्लंडच्याच डॅनियल डुबॉइसला नोव्हेंबर २०२० मध्ये, तेविसाव्या वर्षी, जो जॉइसच्या ठोशांनी डोळ्याभोवतीचं हाड मोडून घ्यावं लागलं. दहाव्या फेरीत तो गुडघा टेकून बसला, उठला नाही. घरात सोफ्यावर बसलेले लोक त्याला भित्रा म्हणाले. माझ्या मते तो त्या रात्रीचा सर्वांत शहाणा निर्णय होता. डोळा वाचला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच मुलाने वेम्ब्लीवर अँथनी जोशुआला पाचव्या फेरीत आडवं केलं.

बरं, या गटात घाईचं कारण तरी काय? हलक्या वजनाच्या मुष्टियोद्ध्याची चपळाई तिशीत ओसरते, हे मान्य. हेवीवेट मात्र उशिरा पिकतो. ओलेक्सांडर उसिक मे २०२४ मध्ये निर्विवाद जगज्जेता झाला तेव्हा सदतीस वर्षांचा होता. जॉर्ज फोरमनने १९९४ मध्ये किताब परत मिळवला तेव्हा पंचेचाळिसाचा. विसाव्या वर्षीच्या मुलाकडे पंधरा वर्षं पडली आहेत. घाई असते ती प्रमोटरला आणि टीव्हीवाल्यांना, कारण ‘सर्वांत तरुण’ ही पाटी तिकिटं खपवते.

माझ्या हातात असतं तर अशा मुलासाठी मी एक चिवट, कंटाळवाणा, तिशीतला प्रतिस्पर्धी शोधला असता. नाव फारसं कुणाला माहीत नसलेला, ज्याला सहसा कुणी पाडत नाही, जो मिठी मारतो, अंगावर रेलतो, पोटात ठोसे मारतो आणि आठव्या फेरीतही हसतो. दहा फेऱ्यांची लढत. मुलगा गुणांवर जिंकेल, चेहरा सुजलेला असेल, प्रेक्षक शिट्ट्या वाजवतील आणि दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं ‘निष्प्रभ विजय’ म्हणून दोन परिच्छेदांत विषय संपवतील. मग सहा-आठ आठवड्यांनी तसाच आणखी एक.