चिक चॉकलेटचं आडनाव

सुरुवातीलाच एक प्रश्न. १९५१ सालचा ‘अलबेला’ कोणाचा? हॉस्टेलमध्ये कुणालाही विचारा, भगवानदादांचा हे उत्तर लगेच मिळेल. गणपतीत आणि हळदीत त्यांची स्टेप आपण सगळेच करतो. संगीत कोणाचं असं विचारलं तर एखादा क्विझवाला सी. रामचंद्र सांगेल. पण त्याच सिनेमात बँड घेऊन पडद्यावर दिसणारा ट्रम्पेटवाला कोण? इथे मात्र सगळे गप्प!

त्याचं नाव चिक चॉकलेट. नाव ऐकून हसू येतं ना? येऊ दे. खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ. १९१६ साली गोव्यातल्या हळदोण्यात जन्मलेला, नंतर मुंबईत येऊन मोठ्या हॉटेलांत जॅझ वाजवणारा. लुई आर्मस्ट्राँग हा त्याचा देव. ट्रम्पेट त्याच्यासारखं, स्टेजवरचा अवतार त्याच्यासारखा. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँगच म्हणायचे. १९६७ साली पन्नाशीच्या आसपास तो गेला. आजही जुन्या गाण्यांचे शौकीन त्याची आठवण काढतात तेव्हा हेच सांगतात : ते नाव, ते झालरीचे शर्ट, ती नक्कल.

माझा मुद्दा इथेच आहे. माणूस जरा विक्षिप्त असला की आपण त्याचा विक्षिप्तपणा लक्षात ठेवतो आणि काम विसरतो. हे प्रेम खरं असेल, पण ते अर्धवट आहे.

काम काय होतं ते थोडक्यात सांगतो. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले कृष्णवर्णीय वादक येऊन वाजवू लागले. १९३५ साली लिऑन अॅबीचा बँड आला, पुढे टेडी वेदरफर्ड हा पियानोवाला आला. रॅगटाइमपासून पुढे आलेलं हे संगीत. त्यात डावा हात घड्याळासारखा ठोका देतो आणि उजवा हात मुद्दाम त्या ठोक्याच्या मधे मधे पडतो. ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलतो तो ह्या गंमतीमुळे. गोव्याच्या पोरांनी हे पटकन उचललं, कारण त्यांचा पाया तयार होता. गावोगावच्या चर्चच्या शाळेत मेस्त्री त्यांना लहानपणीच सोल्फेज आणि व्हायोलिन शिकवायचे. पाच रेघांवर लिहिलेलं संगीत ते आपण पेपर वाचतो तसं वाचायचे.

सिनेमावाल्यांना नेमकी हीच माणसं हवी होती. संगीतकार हार्मोनियमवर चाल सांगणार, पण तीस-चाळीस वादकांनी एकाच वेळी काय वाजवायचं हे कोण लिहिणार? ते अॅरेंजर लिहायचे, आणि त्यांत गोव्याचे बरेच होते. चिक चॉकलेट सी. रामचंद्रांचा सहाय्यक होता. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा हा मराठी माणूस ‘अनारकली’ही करतो आणि ‘अलबेला’ही करतो, आणि दुसऱ्या प्रकारात त्याच्या शेजारी हळदोण्याचा वाझ उभा असतो. आपल्या इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर कल्पना एकाची, पण ड्रॉइंग दुसऱ्याने काढल्याशिवाय वर्कशॉपमध्ये काहीच बनत नाही. पडद्यावर मात्र नाव संगीतकाराचं. वादकांची यादी नसायचीच.

कोणी म्हणेल, अरे, पण ती कॉपीच होती की! आर्मस्ट्राँगची नक्कल करणाऱ्याचं एवढं काय कौतुक? मला हे पटत नाही. शिकताना कोण नक्कल करत नाही? गवय्याचा शिष्य आधी गुरूसारखाच गातो, त्याला आपण घराणं म्हणतो. मग चिक चॉकलेटला वेगळा न्याय का? शिवाय तो नुसता नक्कल करत बसला नाही. अमेरिकेच्या बंदरात जन्मलेला आवाज त्याने अशा गाण्यांत बसवला, ज्यावर दादरच्या चाळीतला माणूस नाचू शकला. १९५१ च्याच ‘नादान’ला तर त्याने स्वतः संगीत दिलं. हे नकलाकाराचं काम आहे का?

नाव उरलं तरी माणूस उरतोच असं नाही, हेही बघा. अँथनी गोन्साल्विस म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ! पण ह्या नावाचा खरा माणूस होता. व्हायोलिनवादक, अॅरेंजर, माजोर्ड्याचा, लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालजींचा गुरू. शिष्याने १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचं नाव गाजवलं. प्रेमानेच गाजवलं. पण लोकांच्या लक्षात राहिला तो विनोद. गोन्साल्विस सर २०१२ साली गोव्यात वारले, तेव्हा किती जणांना कळलं?

हे सगळं वसईत बसून का लिहायचं? कारण ट्रम्पेट इथे परकं नाही. आपल्या भागातल्या ख्रिस्ती लग्नात ब्रास बँड असतो. संध्याकाळी होळी बाजार किंवा पापडीकडे जाताना तो कधीतरी ऐकू येतो. आपण थांबून दोन मिनिटं नाचतोही. वाजवणाऱ्याचं नाव विचारतो का? दिवसभर कंपनीत ड्युटी करून संध्याकाळी युनिफॉर्म चढवणारा तो माणूस आपल्यासाठी ‘बँडवाला’ असतो, बस्स.

म्हणून एक साधी सूचना. आपल्या गॅदरिंगच्या पत्रिकेत प्रमुख पाहुणे असतात, स्पॉन्सर असतात, सूत्रसंचालकसुद्धा असतात. पण कीबोर्ड, तबला, ड्रम वाजवणारी आपलीच मुलं ‘आणि साथीदार’ ह्या दोन शब्दांत संपतात. येत्या वर्षी ती नावं छापा, साउंडवाल्यासकट. खर्च किती? चार ओळींच्या शाईचा. आणि रूमवर ‘अलबेला’ची गाणी लावाल तेव्हा एकदा भगवानदादांवरची नजर काढून मागच्या बँडकडे बघा. हसू आलं तर हसा, त्याने कपडेच तसे घातलेत. फक्त नंतर रूममेटला सांगा, तो वाझ. हळदोण्याचा.