पावागडाचे सागरपारचे भावंड

समा भागातील मराठी कुटुंबांतून अलीकडे मॉरिशसच्या सहलीची वार्ता वारंवार आमच्या कानी येते. परतल्यावर दाखविल्या जाणाऱ्या छायाचित्रांत सागरकिनारा असतो, गंगा तलाव असतो. त्या बेटाच्या पोटातील लाव्हाची गुहा मात्र क्वचितच.

लेणे म्हटले की आपणांस छिन्नी-हातोडा आठवतो. ईशान्येकडील प्लेन दे रोश भागातील या गुहा कोणीही खोदलेल्या नाहीत. तापल्या दुधावर साय धरावी तसे वाहत्या लाव्हारसावर कवच धरते; आत हजार अंशांहून तप्त प्रवाह चालूच राहतो. उगम आटला की तो ओसरतो आणि मागे पोकळ बोगदा उरतो. पुढे केव्हातरी छप्पर कोसळते, तेथूनच आत उतरावयाचे. पायाखाली ढासळलेले खडक असतात. मजबूत पादत्राणे, शिरस्त्राण, दोन विजेऱ्या आणि स्थानिक वाटाड्या एवढे नसेल तर जाऊच नये.

या अंधारात एक पाकोळी घरटे बांधते. मॉरिशस व रियुनियन ही दोन बेटे सोडल्यास ती कोठेही आढळत नाही. टिकटिक असा आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून ती वाट ओळखते. माणसांच्या वर्दळीचा आणि घरट्यांच्या चोरीचा तिला मोठा उपद्रव झालेला आहे. वाटाड्याने दारातूनच परत फिरविले तर मुकाट्याने परतावे. ‘आम्ही पैसे भरले आहेत’ हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही.

आता पावागडाविषयी. भूशास्त्रज्ञांच्या बहुमान्य मतानुसार, सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी भारतभूमी ज्या भूगर्भीय अग्निस्थानावरून सरकत होती, त्यानेच दख्खनचा काळा पाषाण ओतला; पावागडाचा पायाही त्याच पाषाणाचा. भूमी उत्तरेस सरकली, अग्नी मागे राहिला. त्याच अग्नीतून सुमारे 80 लक्ष वर्षांपूर्वी मॉरिशस वर आले, आणि रियुनियनवरील ज्वालामुखी तर अद्याप जागता आहे.

1834 नंतर करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्या भारतीयांत कोकणातील मराठी माणसेही होती. उसासाठी जमीन मोकळी करताना वेचलेल्या काळ्या दगडांच्या राशी तेथील शेतांतून अजून उभ्या आहेत. गुहेकडे जाताना गाडी थांबवून त्या मुलांना अवश्य दाखवाव्यात. देशावरच्या आपल्या वाड्याच्या जोत्याचा दगड त्यांना तेथे सहज ओळखू येईल.