पाठभेद आणि प्रामाणिकपणाची कसोटी

बायबलमधील पाठभेदांचा आकडा सांगून तो ग्रंथ निकालात काढण्याची एक रीत आपल्याकडील वादविवादांत रूढ होऊ पाहत आहे. आकडा मोठा असतो, टाळ्या पडतात आणि विषय संपतो. वस्तुत: अभ्यासकाचे काम तेथून सुरू होते.

ऑक्सफर्डचे विद्वान जॉन मिल यांनी तीस वर्षांच्या परिश्रमानंतर १७०७ साली ग्रीक नव्या कराराची आवृत्ती प्रसिद्ध केली. सुमारे शंभर हस्तलिखिते व अन्य साधने ताडून त्यांनी सुमारे ३० हजार पाठभेद नोंदविले. धर्मग्रंथाचा पायाच डळमळला, अशी भीती श्रद्धावंतांना वाटली. धर्माच्या टीकाकारांना तर आयते शस्त्रच मिळाले. त्यावर १७१३ साली रिचर्ड बेंटले यांनी दिलेले उत्तर मार्मिक होते. मिल यांनी पाठभेद निर्माण केले नाहीत, केवळ उजेडात आणले. पोथ्या जितक्या अधिक, तितके पाठभेद अधिक. परंतु मूळ पाठ ठरविण्याची साधनेही तितकीच अधिक. एकच पोथी उरलेल्या ग्रंथात पाठभेद दिसणारच नाहीत, पण म्हणून तो शुद्ध ठरत नाही!

आज नव्या कराराची पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखिते ज्ञात आहेत. त्यांतील बहुसंख्य भेद वर्णलेखनाचे वा शब्दक्रमाचे आहेत. परंतु काही स्थळे निश्चितच महत्त्वाची आहेत. मार्ककृत शुभवर्तमानाच्या अखेरच्या बारा ओव्या चौथ्या शतकातील सिनाई व व्हॅटिकन या दोन प्रमुख पोथ्यांत नाहीत. योहानकृत शुभवर्तमानातील व्यभिचारी स्त्रीची सुप्रसिद्ध कथाही या दोहोंत आढळत नाही. पिता, शब्द व पवित्र आत्मा हे स्वर्गातील तीन साक्षी एकच आहेत, असे सांगणारे योहानाच्या पहिल्या पत्रातील वाक्य इरॅस्मसने १५१६ च्या आपल्या मुद्रित आवृत्तीत घेतले नव्हते. टीकेनंतर १५२२ साली ते घातले गेले आणि १८८१ च्या सुधारित इंग्रजी भाषांतरातून पुन्हा वगळले गेले.

ही चिकित्सा कोणी केली, हे ध्यानात घेतले पाहिजे. मिल आणि बेंटले हे दोघेही ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. सिनाई पर्वतावरील मठात १८४४ आणि १८५९ साली त्या पोथीची पाने जगापुढे आणणारे टिशेनडॉर्फ हेही निष्ठावान ख्रिस्ती होते. आपल्या ग्रंथाचा प्रक्षिप्त भाग ज्यांनी स्वत:च दाखवून दिला, त्यांच्याच संशोधनाचा उपयोग त्यांना हिणविण्यासाठी करणे हे विद्वत्तेचे लक्षण नव्हे.

हीच कसोटी आपणही आपल्या ग्रंथांना लावली आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे कार्य आरंभिले आणि १९६६ साली ते पूर्णत्वास नेले. या कार्यात १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहण्यात आली. प्रधान संपादक डॉ. वि. सी. सुकथनकर यांनी युरोपीय पद्धती अभ्यासली, पण ती जशीच्या तशी उचलली नाही. महाभारताच्या पाठपरंपरेचा प्रश्न स्वतंत्र आहे, हे त्यांनी ओळखले होते. व्यासांनी सांगावे आणि गणेशाने लिहावे ही घराघरांतील कथा प्राचीन पाठात बसत नाही, असे दिसताच ती परिशिष्टात गेली. त्यामुळे ना गणेशभक्ती उणावली, ना महाभारताचे माहात्म्य. मग जो न्याय आपल्या ग्रंथाला, तोच इतरांच्या ग्रंथाला का नको?

पाश्चात्त्य पंडित आपले ग्रंथ परक्या दृष्टीने वाचतात, ही आपली तक्रार जुनी आहे आणि अनेकदा रास्तही आहे. परंतु त्यांनी त्यासाठी संस्कृत शिकण्याचे कष्ट घेतले. नवा करार मूळ ग्रीकमधून वाचणारे, पहिल्या शतकातील रोमन सत्ता व यहुदी समाज यांच्या संदर्भात त्याचा अर्थ लावणारे अभ्यासक आपण किती घडविले? परधर्माची चिकित्सा जरूर करावी. पण ती उसन्या आकड्यांवर नव्हे, स्वत:च्या अध्ययनावर उभी असावी. आपल्या प्राचीन वादपद्धतीत आधी पूर्वपक्ष नि:शंकपणे मांडावा लागे. त्या परंपरेचे वारस म्हणविणाऱ्यांनी एवढा दंडक तरी पाळलाच पाहिजे.